मुंबईच्या एफएमवर मुंबईची बातमी का नसते?

मुंबईतल्या खासगी एफएम केंद्रांवर गाणी आहेत, गप्पा आहेत, सिनेमावाल्यांच्या मुलाखती आहेत, ट्रॅफिकची खबर आहे. नाही ती एकच गोष्ट: स्वतः गोळा केलेली बातमी. महापालिकेत काल काय ठरलं, अमुक पुलाचं काम का रखडलं, तमुक इमारतीला आग कशी लागली, यातलं काही ही केंद्रं सांगत नाहीत. पुष्कळांचा समज असा की त्यांना बातम्यांत रसच नाही. गाण्यांवर जाहिराती मिळतात, मग कशाला तो व्याप? खरं कारण मात्र त्यांच्या परवान्यात लिहिलेलं आहे. भारतात खासगी एफएम केंद्राला स्वतःच्या बातम्या देण्याची मनाई आहे. २००१ साली बंगळुरूत देशातलं पहिलं खासगी एफएम केंद्र सुरू झालं, तेव्हापासून ती चालत आली आहे. नियम थोडे सैल झाले, पण मूळ मनाई उठली नाही.

ही मनाई नेमकी काय आहे, कुठून आली आणि तिच्यामुळे शहराचं काय नुकसान होतं, हे समजून घ्यायचं तर आधी शहराचा बातम्यांचा रेडिओ कसा असतो ते पाहायला हवं. आपल्याकडे तो कधी नव्हताच, म्हणून त्याची उणीवही कुणाला जाणवत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १०१० विन्स नावाचं केंद्र आहे. एके काळी ते रॉक अँड रोल वाजवायचं. एप्रिल १९६५ मध्ये त्याने गाणी बंद केली आणि चोवीस तास फक्त बातम्या द्यायला सुरुवात केली. त्याचं घोषवाक्य असं होतं की तुम्ही आम्हाला बावीस मिनिटं द्या, आम्ही तुम्हाला जग देतो. हे नुसतं जाहिरातीचं वाक्य नव्हतं, केंद्राचं सगळं कामच त्यावर बेतलेलं होतं. रेडिओवर बातम्या ऐकणारा माणूस तासभर बसून ऐकत नाही. दाढी करताना, गाडीत, स्वयंपाक करताना तो पंधरा-वीस मिनिटं ऐकतो आणि उठून जातो. म्हणून बातम्यांचं एक चक्र ठरवायचं आणि ते दिवसभर फिरवत ठेवायचं. तुम्ही केव्हाही रेडिओ लावा, बावीस मिनिटांत महत्त्वाचं सगळं तुमच्या कानावर पडलेलं असेल.

दोन वर्षांनी, २८ ऑगस्ट १९६७ रोजी, त्याच शहरात डब्ल्यूसीबीएस ८८० हे दुसरं केंद्र बातम्यांकडे वळलं. त्याची सुरुवात मोठी विलक्षण झाली. आदल्याच दिवशी एक छोटं विमान त्याच्या प्रक्षेपण मनोऱ्यावर आदळलं आणि मनोरा कोसळला. तरीही केंद्राने मुहूर्त चुकवला नाही; आपल्याच एफएम वाहिनीवरून बातम्या सुरू केल्या. याच केंद्राने पुढे वाहतूक आणि हवामान दर दहा मिनिटांनी, घड्याळात आठ, अठरा, अठ्ठावीस अशी मिनिटं झाली की सांगायची, अशी शिस्त लावली. गाडी चालवणाऱ्याला ती तोंडपाठ असायची. पुढच्या पुलावर कोंडी आहे का हे कळायला फार तर दहा मिनिटं थांबायचं.

असा रेडिओ अडचणीच्या वेळी काय करतो, हे ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी दिसलं. अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा काही भाग एकदम अंधारात गेला. सुमारे तीन कोटी लोकांची वीज गेली, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत लाखो माणसं अडकली. टीव्ही बंद पडले. पण घराघरांत बॅटरीवर चालणारे ट्रान्झिस्टर होते, आणि शहरात काय चाललंय हे लोकांना त्यांच्यावरूनच कळत राहिलं. आपल्याकडे २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद, उपनगरांत वीज नाही, फोन लागत नाहीत, लाखो माणसं रस्त्यावर आणि कचेऱ्यांत अडकलेली. त्या रात्री मुंबईकराला जगाच्या बातम्या नको होत्या. कलिन्यात पाणी किती आहे, मिलन सबवे चालू आहे की बुडाला, मुलांना शाळेतच थांबवलंय का, एवढंच हवं होतं. हे सांगायला वार्ताहर लागतात, त्यांनी आणलेली खबर पडताळून पाहणारा संपादक लागतो, आणि दोघंही आधीपासून कामावर असावे लागतात. पूर आल्यावर बातमीचा विभाग उभा करता येत नाही.

आता परवान्याकडे येऊ. २०११ साली केंद्र सरकारने एफएमचं तिसऱ्या टप्प्याचं धोरण आणलं. त्यात दोन सवलती दिल्या. पहिली अशी की खासगी केंद्राला आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं पुन्हा ऐकवता येईल. त्यात एक शब्दही बदलायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये ही सोय प्रत्यक्षात आली आणि सुरुवातीला ती फुकट दिली गेली. दुसरी सवलत जास्त महत्त्वाची आहे. काही प्रकारची माहिती ‘बातमी’ धरली जाणार नाही, असं धोरणात लिहिलं: वाहतूक आणि हवामान, स्थानिक सांस्कृतिक कार्यक्रम आणि सण, परीक्षा, निकाल आणि प्रवेश, नोकरीच्या संधी, स्थानिक खेळांचं वर्णन, आणि स्थानिक प्रशासनाने कळवलेल्या वीज, पाणी, नैसर्गिक आपत्ती, आरोग्य यांच्या सूचना.

वरवर पाहता ही यादी भरपूर वाटते. ती कुठे अडते हे एक प्रसंग कल्पून पाहू या. समजा, अंधेरी पूर्वेला मोठी जलवाहिनी फुटली. महापालिकेने कळवलं की उद्या दिवसभर पाणी येणार नाही. रेडिओवरचा निवेदक हे सांगू शकतो: ‘अंधेरी पूर्वेत उद्या पाणी येणार नाही. आज रात्रीच भरून ठेवा.’ दोन वाक्यं, कानाला कळणारी, कामाची. रस्त्यावर पाणी साचून वाहतूक खोळंबली असेल तर तेही सांगू शकतो. पण हीच जलवाहिनी वर्षभरात तिसऱ्यांदा फुटली असेल तर? दुरुस्तीचं काम कुणाला दिलं होतं, पैसे किती गेले, तपासणी झाली होती का, वॉर्ड ऑफिसने तक्रारींचं काय केलं? हे विचारलं की ती बातमी झाली. एखादा वार्ताहर तिथे पाठवून शेजारच्या चाळीतल्या बाईचं म्हणणं ऐकवलं की तीही बातमी झाली. प्रशासनाने स्वतः सूचना दिलीच नाही आणि निवेदकाला श्रोत्यांच्या फोनवरून कळलं की नळ कोरडे आहेत, तर ते सांगण्याआधी त्याला परवाना आठवावा लागतो. कारण सवलत आहे ती प्रशासनाने कळवलेल्या सूचनेला.

म्हणजे काय बंद आहे हे केंद्राला सांगता येतं, का बंद आहे हे सांगता येत नाही. माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. शहराच्या कारभारावर लक्ष ठेवायचं तर त्या ‘का’चाच पाठपुरावा करावा लागतो, आणि शहरातल्या सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सहज मिळणाऱ्या माध्यमाला नेमकी तिथे बंदी आहे.

ही बंदी वर्तमानपत्राला नाही, टीव्हीला नाही. मग रेडिओलाच का? उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. वर्तमानपत्र काढायला नोंदणी लागते, पण कागद आणि शाई सरकारच्या मालकीची नसते. रेडिओचं तसं नाही. लहरी मर्यादित असतात. एकाच फ्रिक्वेन्सीवर एका गावात दोघं बोलायला लागले तर कुणाचंच ऐकू येत नाही. म्हणून जगभर सरकारं त्यांचं वाटप करतात. आपल्याकडे ही सत्ता १८८५ च्या तार कायद्यातून आणि १९३३ च्या बिनतारी यंत्रांच्या कायद्यातून आली. दोन्ही कायदे इंग्रजांचे, आणि बोलणाऱ्यावर ताबा हवा हा त्यांच्यामागचा विचार उघड होता.

त्या ताब्याला सगळ्यात धाडसी उत्तर मुंबईनेच दिलं होतं. ऑगस्ट १९४२ मध्ये ‘भारत छोडो’ची हाक दिली गेली, पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. तेव्हा बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. २७ ऑगस्टला पहिलं प्रक्षेपण झालं, ४२.३४ मीटर तरंगलांबीवरून. पोलिसांची माग काढणारी यंत्रणा मागे लागलेली, त्यामुळे यंत्रसामग्री उचलून मुंबईतल्या मुंबईत जागा बदलायची, पुन्हा बोलायचं. या रेडिओवर भाषणं होती, पण त्याची खरी ताकद बातम्यांत होती. वर्तमानपत्रांना जे छापता येत नव्हतं ते तो सांगायचा: चितगावचा बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, आणि आपल्या विदर्भातल्या आष्टी-चिमूरला लोकांवर झालेले अत्याचार. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याला राहिल्या, १९४६ साली सुटल्या. ज्या शहराने बातमी सांगण्यासाठी हे केलं, त्या शहरात स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांनीही रेडिओवर बातमी सांगण्याचा हक्क फक्त आकाशवाणीकडे असावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्वातंत्र्यानंतर रेडिओ सरकारकडेच राहिला. १९९५ साली मात्र मोठा बदल घडला, आणि तोही क्रिकेटमुळे. १९९३ च्या हिरो कपचे सामने कुणी दाखवायचे यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला. न्या. पी. बी. सावंत यांच्या पीठाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल दिला. त्याचं सार असं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांच्यावर ना सरकारची मक्तेदारी असावी ना पैसेवाल्यांची, आणि स्वायत्त संस्थेने त्यांचं नियमन करावं. या निकालानंतरच खासगी एफएमचा मार्ग मोकळा झाला. पण परवाने देताना सरकारने करमणूक मोकळी केली आणि बातमी आपल्याकडे ठेवली.

टीव्हीच्या बाबतीत सरकारला हे जमलं नाही, कारण टीव्ही आभाळातून आला. १९९१ साली स्टार टीव्हीचं प्रक्षेपण हाँगकाँगहून उपग्रहावर जायचं आणि इथल्या छतावरच्या तबकड्या ते उचलायच्या. अडवणार कुणाला? कायदा मागून आला, तोवर वाहिन्या घरात शिरल्या होत्या. एफएमचा मनोरा मात्र जमिनीवर उभा असतो, लिलावात विकत घेतलेल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि परवाना रद्द झाला तर एका दिवसात गप्प होतो. त्याला रोखणं सोपं होतं, म्हणून त्याला रोखलं गेलं. यामागे दुसरं तात्त्विक कारण मला तरी सापडत नाही.

सरकारने कारण दिलं आहे ते सुरक्षेचं. कॉमन कॉज या संस्थेने २०१३ साली या मनाईला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. टीव्हीला चालतं ते रेडिओला का नाही, असं न्यायालयाने २०१७ मध्ये सरकारला विचारलं. सरकारचं म्हणणं असं की या केंद्रांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा नाही आणि देशविघातक शक्ती त्यांचा वापर करू शकतील. ही भीती सरसकट उडवून लावण्यासारखी नाही. दंगलीच्या वेळी चुकीचं एक वाक्य हवेत गेलं तर काय होऊ शकतं हे मुंबईला कुणी सांगायला नको. पण परवानाधारक केंद्राचा पत्ता सरकारला माहीत असतो, मालक माहीत असतो, आणि जे ऐकवलं त्याचं ध्वनिमुद्रण तीन महिने जपून ठेवायचं त्याच्यावर बंधन असतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या आवाजाच्या क्लिपला यातलं काहीच नाही. अफवेच्या काळात नाव-पत्त्यासह बोलणारा, चुकला तर जाब देणारा आवाज गप्प ठेवायचा आणि निनावी आवाज मोकळा सोडायचा, हे सुरक्षेच्या हिशेबानेही उलटं आहे.

‘आकाशवाणी आहे ना?’ असं कुणी म्हणेल. आहे, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. चर्चगेटच्या आकाशवाणी केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग वर्षानुवर्षं नेटकी, शांत, आरडाओरडा नसलेली मराठी बातमीपत्रं देत आला आहे. खेड्यापाड्यांत पिढ्यांनी आपलं घड्याळ त्या बातम्यांवर लावलं. पण प्रादेशिक बातमीपत्र हे सबंध महाराष्ट्राचं असतं. मोजक्या मिनिटांत गडचिरोलीही बसवायची आणि सिंधुदुर्गही, मंत्रिमंडळाचा निर्णयही आणि पावसाचा अंदाजही. त्यात कुर्ल्याच्या किंवा दहिसरच्या वाट्याला किती येणार? शिवाय आकाशवाणी चालवणारी प्रसारभारती १९९७ पासून कायद्याने स्वायत्त असली, तरी तिच्या खर्चाचा मोठा भार सरकारच उचलतं. सरकारला अडचणीचा प्रश्न विचारण्याची सगळी जबाबदारी तिच्या एकटीवर टाकणं तिच्यावरही अन्यायच आहे.

सामुदायिक रेडिओ, म्हणजे एखाद्या संस्थेने आसपासच्या लोकांसाठी नफ्याविना चालवलेलं छोटं केंद्र, हा तिसरा प्रकार. २००६ साली स्वयंसेवी संस्थांनाही त्याचे परवाने मिळू लागले. साताऱ्यातल्या म्हसवडचं माणदेशी तरंग वाहिनी किंवा मुंबई विद्यापीठाचं केंद्र या गटातलं. पण स्वतःच्या बातम्या देण्याची मोकळीक यांनाही नाही.

शेजारी नेपाळमध्ये उलट अनुभव आहे. काठमांडूत १९९७ साली रेडिओ सगरमाथा सुरू झाला आणि पुढे गावोगाव एफएम केंद्रं निघाली, बातम्या द्यायला लागली. १ फेब्रुवारी २००५ रोजी राजा ग्यानेंद्र यांनी सत्ता हातात घेतली तेव्हा एफएमवरच्या बातम्या बंद पाडल्या. फक्त गाणी वाजवा, असा हुकूम. राजाला पहिल्या धडाक्यात कशावर बंदी घालावीशी वाटली यावरून त्या केंद्रांचं वजन कळतं. वर्षभराने लोकांच्या आंदोलनापुढे राजाला नमावं लागलं, आणि बातम्या पुन्हा मोकळ्या झाल्या. त्या देशात हुकूमशाहीने घातलेली अट आपल्या लोकशाहीत रोजचा नियम म्हणून चालते, ही गोष्ट कुणाही रेडिओप्रेमी माणसाला टोचायला हवी.

परवानगी मिळाली म्हणजे उद्या सकाळी मुंबईत विन्ससारखं केंद्र सुरू होईल, असं मात्र समजू नये. बातमी महाग असते. गाण्यांच्या केंद्राला थोडे निवेदक आणि रॉयल्टीचा खर्च पुरतो. बातम्यांना तीन पाळ्यांत वार्ताहर, उपसंपादक, निवेदक लागतात. २०१५ च्या लिलावात दिल्लीतल्या एका फ्रिक्वेन्सीला १६९ कोटींहून जास्त बोली लागली होती. एवढे पैसे ओतलेला मालक आधी जाहिराती देणारी गाणीच लावणार. आणि ज्या न्यूयॉर्कचं उदाहरण मी दिलं, तिथेही डब्ल्यूसीबीएस ८८० ने ऑगस्ट २०२४ मध्ये बातम्या थांबवल्या. ५७ वर्षांनंतर ती जागा खेळांच्या वाहिनीने घेतली. श्रोते मोबाइलकडे गेले, जाहिराती त्यांच्यामागे गेल्या.

आणखी एक काळजी मालकीची आहे. आपल्या मोठ्या एफएम साखळ्यांपैकी अनेक वृत्तपत्र समूहांच्या आहेत: मिर्ची टाइम्स समूहाची, रेडिओ सिटी जागरणची, फीव्हर हिंदुस्थान टाइम्सची, माय एफएम दैनिक भास्करची. त्यांच्याकडे वार्ताहर तयार आहेत, त्यामुळे बातम्या सुरू करणं त्यांना तुलनेने सोपं जाईल. पण जो समूह सकाळी छापतो तोच दिवसभर ऐकवणार असेल, तर शहराला आवाज वाढल्याचा भास होईल, आवाज वाढलेला नसेल. म्हणून परवानगी देताना सामुदायिक केंद्रांनाही ती द्यायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारला शिफारस केली की खासगी एफएमला दर तासाला १० मिनिटांपर्यंत बातम्या आणि चालू घडामोडी देऊ द्याव्यात. शिफारस म्हणजे नियम नव्हे; सरकारने ती स्वीकारून परवान्याच्या अटी बदलल्या तरच निवेदकाचं तोंड मोकळं होतं. दहा मिनिटं कमी वाटतील, पण हिशेब करून पाहा. सकाळी सहा ते रात्री बारा धरले तर दिवसाला तीन तास होतात. एका शहराच्या पाणी, रस्ते, शाळा, रुग्णालयं आणि लोकलसाठी तीन तास! दरम्यान ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी २३४ शहरांत ७३० एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. यातली बरीच शहरं अशी आहेत की तिथे टीव्हीचा कॅमेरा फक्त मोठा अपघात झाला की येतो. बातमीच्या रेडिओची गरज मुंबईपेक्षा त्यांना जास्त आहे, आणि वार्ताहराचा खर्चही तिथे मुंबईइतका नसेल. परवान्याची अट त्या केंद्रांची यंत्रं बसण्याआधी बदलली, तर ती पहिल्या दिवसापासून बातमीदार घेऊन उभी राहतील. नंतर बदलली, तर गाण्यांच्या केंद्राला बातमीचा विभाग जोडणं किती जड जातं ते मुंबईतच बघायला मिळेल.